कंडक्टर जातो तेव्हा प्रश्न संचालक मंडळाला विचारा

पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून वादकांना चालवणारा माणूस, जाणार असं जाहीर झालं की बातमीचा साचा ठरलेला असतो. इतक्या वर्षांची कारकीर्द, दोन्ही बाजूंचे आभार, निरोपाच्या मैफलीची तारीख आणि लगेच ‘आता पुढे कोण?’ माणूस का चालला आहे हे कोणी धड विचारायच्या आत नव्या नावांवर पैजा लागलेल्या असतात. मला याचा मनापासून राग येतो.

फिनलंडचे कंडक्टर इसा-पेक्का सालोनेन यांचंच बघा. २०२० मध्ये ते अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक, म्हणजे मुख्य कंडक्टर झाले. त्यांच्या आधी मायकेल टिल्सन थॉमस यांनी २५ वर्षं तिथे घालवली होती, म्हणजे जागा भरायला सोपी नव्हतीच. सालोनेन यांनी आपल्याबरोबर आठ जणांची एक चमू आणली. त्यात संगीतकार होते, गायिका होती, बासरीवादक होती, रोबोटिक्समधली एक तज्ज्ञसुद्धा होती. ऑर्केस्ट्राने काय वाजवायचं आणि कसं सादर करायचं, हे सगळ्यांनी मिळून नव्याने ठरवायचं, असा तो बेत होता. आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की २०२५ मध्ये करार संपला की मी पुढे राहणार नाही.

अशा निवेदनांत एरवी ‘कुटुंबाला वेळ’, ‘नवी आव्हानं’ असलं काहीतरी गुळगुळीत असतं. सालोनेन यांनी मात्र सरळ लिहिलं की संस्थेच्या भविष्याबद्दल संचालक मंडळाची जी उद्दिष्टं आहेत ती माझी नाहीत. या क्षेत्रात इतकं स्पष्ट कोणी बोलत नाही. मंडळाचं म्हणणं, खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे. असेलही, तूट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण कात्री लागली ती दौऱ्यांना आणि नव्या कामांना, म्हणजे नेमकं ज्यासाठी या माणसाला बोलावलं होतं त्यालाच. मग त्याने राहून करायचं काय?

अनेकांना वाटतं, कंडक्टर म्हणजे काठी हलवणारा माणूस, एक गेला की दुसरा येईल. आठवड्यापुरता पाहुणा कंडक्टर येतो, थोड्या तालमी घेतो, मैफली करतो आणि विमानात बसतो. संगीत दिग्दर्शकाचं तसं नसतं. रिकाम्या खुर्चीवर कोणता वादक बसणार यात त्याचा शब्द असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत काय वाजणार हे तो ठरवतो. आणि तालमीत तो जे घडवतो ते हळूहळूच घडतं. व्हायोलिनची अख्खी रांग गजाचा किती भाग वापरते, अगदी हळू आवाजात वाजवायचं म्हणजे नक्की किती हळू, ओबो या फुंकवाद्याने सूर सोडला की चेलोंनी तो कुठून उचलायचा, हे स्वरलिपीत पूर्ण लिहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं एकमेकांना ऐकून ते अंगात मुरतं. मग एक दिवस कंडक्टर नुसता हात थोडा खाली आणतो आणि शंभर माणसं एकदम आवाज उतरवतात. ही समज घडत असतानाच ती मोडायची, हे नुकसान हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

प्रत्येक निरोपात अन्याय असतो असंही नाही. कंडक्टर सायमन रॅटल यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या आपल्या ऑर्केस्ट्राला जानेवारी २०१३ मध्येच सांगितलं होतं की २०१८ ला मी पद सोडणार. पाच वर्षं आधी! याहून चांगली रीत मला माहीत नाही. रिकार्डो मुती यांना २००५ मध्ये मिलानचं ला स्काला हे ऑपेरागृह सोडावं लागलं, कारण तिथले वादक आणि कर्मचारीच त्यांच्या विरोधात उभे राहिले होते. वादकांना कंडक्टर नको असेल तर त्याने जावं, यावर माझं दुमत नाही. माझा आक्षेप वेगळ्या प्रकाराला आहे. वादकांना कंडक्टर हवा असतो, श्रोत्यांना हवा असतो, त्यालाही राहायचं असतं, आणि तरी वरच्या मजल्यावरचे निर्णय त्याला टिकू देत नाहीत.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा ऑर्केस्ट्राचं हेच झालं. ऑस्मो वॅन्स्का २००३ पासून तिथे संगीत दिग्दर्शक होते. व्यवस्थापनाने पगारात मोठी कपात मागितली, वादकांनी नकार दिला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून व्यवस्थापनाने टाळेबंदी केली, म्हणजे वादकांचं काम आणि पगार दोन्ही बंद. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे पाच कोटी डॉलर खर्च होत होते! वॅन्स्का यांनी आधीच बजावलं होतं की नोव्हेंबर २०१३ चे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले कार्यक्रम गेले तर मीही जाईन. कार्यक्रम रद्द झाले, त्यांनी राजीनामा दिला. टाळेबंदीतल्या वादकांनी स्वतः भरवलेल्या मैफलींत ते निरोपाला उभे राहिले. शेवटी सिबेलियसची ‘व्हाल्स त्रिस्त’ ही उदास रचना घेतली आणि श्रोत्यांना आधीच विनंती केली की टाळ्या वाजवू नका. लोक निःशब्द बसून राहिले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. श्रोते नुसते हळहळले नाहीत. त्यांनी संघटना काढल्या, संस्थेचे ताळेबंद वाचले, आकड्यांवर जाहीर प्रश्न विचारले. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली. वादकांनी १५ टक्के कपात सोसली, मुख्य कार्यकारी अधिकारी गेले, आणि त्याच वर्षी वॅन्स्का परत आले. पुढच्याच वर्षी हा ऑर्केस्ट्रा त्यांच्याबरोबर क्युबात जाऊन वाजवून आला आणि ते २०२२ पर्यंत राहिले.

सॅन फ्रान्सिस्कोत तसं झालं नाही. वादकांनी श्रोत्यांना पत्रकं वाटली, सभागृहात सालोनेन यांच्यासाठी टाळ्यांचा गजर झाला, मंडळ मात्र हललं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोरसच्या, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर गाणाऱ्या गायकवृंदाच्या, खर्चालाही कात्री लागणार म्हणून गायक संपावर गेले आणि व्हेर्दीच्या ‘रेक्विएम’चे कार्यक्रम रद्द झाले. जून २०२५ मध्ये सालोनेन यांनी निरोपाला माहलरची दुसरी सिंफनी निवडली. तिच्या शेवटच्या भागात पडद्यामागून ब्रास, म्हणजे तुतारीसारखी पितळी वाद्यं, वाजतात, मग शांतता होते आणि कोरस जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू ‘पुन्हा उठशील’ म्हणत सुरू होतो. जो कोरस महाग वाटत होता, त्याच्याशिवाय ही सिंफनी उभीच राहत नाही.

कंडक्टरांचे पगार अवाढव्य असतात, मग त्यांच्यासाठी का रडायचं, असं कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या त्या आकड्यांवर खुशाल चर्चा व्हावी, मलाही ते पटत नाहीत. पण सालोनेन यांना कुठलाही ऑर्केस्ट्रा उद्या आनंदाने बोलावून घेईल. मागे राहिलेल्या वादकांचं घर, मुलांच्या शाळा त्याच शहरात असतात. दुसऱ्या कंडक्टरबरोबर, दुसऱ्या धोरणाखाली त्यांना दुसऱ्या दिवशी तालमीला बसायचं असतं. नुकसान त्यांचं होतं, आणि ते मंडळाच्या निर्णयांमुळे. म्हणून जाणाऱ्याला ‘सोडून गेला’ म्हणू नका. अमेरिकेत अशा ना-नफा संस्थांची करविवरणपत्रं कोणालाही बघता येतात. नवा कंडक्टर कोण यावर पैजा लावण्याआधी तिथल्या वर्गणीदारांनी ती उघडावीत आणि दौरे, नवी कामं आणि कोरस यांवरच कात्री का चालली, हे मंडळाला भर सभेत विचारावं.