वहिनी, त्यांच्यात चालतं!

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. पोस्ट लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

दुकान नुकतंच उघडलं होतं. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच झेरॉक्स मशीन चालू. आपल्याच भागातले एक भाऊ गाडीतून उतरले. नाव घेत नाही, वाचतील तेव्हा त्यांचं त्यांना कळेल. बरोबर मुंबईकडचं एक जोडपं आणि त्यांच्यामागे कातकरवाडीवरची, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीवरची, एक मुलगी. केस तेल लावून चापून बसवलेले, फ्रॉक नवाकोरा, पायात एक माप मोठ्या चपला. भाऊंनी तिचं आधार कार्ड काउंटरवर ठेवलं. "वहिनी, यातलं जन्मवर्ष बदलायचंय. फॉर्म तेवढा भरून द्या, सही-शिक्क्याचं मी बघतो." कार्डावर २०१५ होतं. त्यांना २०१० पाहिजे होतं.

कशाला, तर त्या बाईंना बाळ सांभाळायला मुलगी हवीय आणि "सोसायटीत हल्ली फार विचारतात."

मी म्हटलं, हे मी करणार नाही, दुसरीकडेही करू नका. भाऊ हसले. "वहिनी, त्यांच्यात या वयात लग्नं होतात. तुम्ही काय घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तिला घरच्यासारखीच ठेवणार आहोत." मुलगी काउंटरवरच्या स्टॅपलरकडे बघत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मी नाव विचारलं, तर भाऊंनीच सांगितलं.

गाडी वळायच्या आत मी १०९८ ला फोन लावला. तो मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, कुणीही लावू शकतं, पैसे पडत नाहीत. पुढचं काम चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पण ते "त्यांच्यात चालतं" काही डोक्यातून जात नाही.

घरच्यासारखी म्हणजे कुणासारखी हो? तुमच्या घरच्या दहा वर्षांच्या मुलीचं वय तुम्ही कागदावर पंधरा करता? ती रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या बाळाला दूध गरम करून देते? चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला २००६ सालापासून बंदी आहे. भाऊंना हे माहीत आहे. माहीत नसतं तर २०१० हा आकडा बरोब्बर कसा सुचला असता?

मला एक मुलगी आठवते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तपशील मुद्दाम बदलतेय, कारण अशा मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी केली नसती. तिची आजी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली आणि काम झाल्यावरही बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "बाय, पोर बोलत नाय. जेवत पण नाय." आईबाप दिवाळीनंतर कर्नाटकात कोळसाभट्टीवर गेलेले. शाळा बुडू नये म्हणून मुलीला आजीकडे ठेवलेली. शाळेसाठी! त्या आईबापांना मुलींची काळजी नसते म्हणणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवा.

अत्याचार करणारा वाडीतला नव्हता. वाडी ज्याच्या जागेत आहे, त्या घरातला होता.

ज्यांना आपल्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या खाजगी जागेत आहेत. तीन-तीन पिढ्या राहतायत, पण घराखालची जमीन नावावर नाही. सरकारदरबारी हे लोक आदिम जमात. महाराष्ट्रात अशा तीनच आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. योजना पुष्कळ, फ्लेक्स त्याहून पुष्कळ. पण तक्रार करायची वेळ आली की पहिला विचार हाच येतो, उद्या झोपडी कुठे उचलून नेऊ?

तरी आजी आली. अंगणवाडीच्या ताई आणि मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न, "हिचं वय काय?" जन्म भट्टीवरचा, त्यामुळे ग्रामपंचायतीत नोंद नाही. आधारवर १ जानेवारी. माझ्या दुकानात येणाऱ्या अर्ध्या वाडीचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कारण कार्ड काढताना तारीख माहीत नसली की तीच टाकलेली असते. वय ठरवायला कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर जन्माची नोंद, तीही नसेल तर हाडांची तपासणी. शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली. समोरच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. मुलगी कोर्टात खाली मान घालून उभी, आणि मोठी माणसं तिच्या वयावरून भांडतायत.

म्हणून आज ते आधार कार्ड बघून माझं टाळकं सटकलं. तुम्हाला तो एक आकडा वाटतो. ही मुलगी उद्या कुठल्या फ्लॅटमध्ये अडकली आणि तिथे तिचं काही बरंवाईट झालं, तर ती लहान होती हे सांगणारा तो एकच कागद असेल. तुम्ही तोच पुसायला आलात.

आता कुणीतरी लिहील की त्यांच्यात बालविवाह होत नाहीत का? होतात. दारू आहे का? आहे. वाडीतले पंच असली प्रकरणं दंड करून मिटवतात का? मिटवतात, आणि त्या दंडातली दमडीही मुलीला मिळत नाही. मान्य. पण म्हणून तिला पॉक्सो लागू होत नाही की काय? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं. कातकऱ्यांची मुलं वगळून, असं कुठे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आणि बालविवाहाचं म्हणाल तर गावात तो रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. वाडीवरच्या लग्नाला ग्रामसेवक कुणी बघितलाय? लग्न रोखायला विचारतेय, जेवायला नाही.

हे फक्त कातकऱ्यांचंही नाही. बंदरात जाऊन बघा. बोटींवर नेपाळची पोरं असतात, त्यातली काही इतकी कोवळी की मिसरूडही फुटलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, अठरा पूर्ण. त्यांच्यातली माणसं दिसतातच लहान, असं वर आपणच म्हणतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीबद्दल काही कानावर आलं तर "तो त्यांचा मामला, आपण पडलो तर भलताच रंग चढेल." आणि आपल्या आळीत काकाने, मामाने, शिकवणीच्या सरांनी केलं तर "घरातली गोष्ट, बाहेर नको." म्हणजे त्यांच्यात झालं तर रीत आणि आपल्यात झालं तर इज्जत. पोरीने जायचं कुणाकडे?

बदलापूरला शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला तेव्हा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद. राग योग्यच होता, मी इथे बसून रडले होते. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी मुलांची बातमी आली होती. थोडेसे पैसे आणि एक मेंढी आईबापांच्या हातावर ठेवून मुलं मेंढ्या वळायला नगर जिल्ह्यात नेली होती. त्यातली एक मुलगी जिवानिशी गेली. तेव्हा बोंब मारली ती आदिवासींसाठी काम करणाऱ्या संघटनांनी. आपल्यापैकी कुणी डीपी तरी काळा केला होता का? मला आठवत नाही.

वेठबिगारी १९७६ साली कायद्याने संपली. नुसती संपली नाही, वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्जही त्याच कायद्याने रद्द होतं, फेडायचं बंधन उरत नाही. हे वाडीवर कुणी सांगतं? मी सांगते तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसतात. "बाय, तू मुकादमाला सांग मंग." मुकादम म्हणजे आगाऊ पैसे, उचल, देऊन भट्टीवर मजूर नेणारा माणूस. बरोबर आहे त्यांचं. कायदा तालुक्याला, मुकादम दारात.

आजीकडच्या त्या मुलीच्या केसमध्ये शेवटी हेच झालं. चांगलं आधी सांगते, नाहीतर मी सगळ्यांनाच शिव्या घालते असं व्हायचं. जबाब घ्यायला आलेल्या मॅडम खरंच भल्या होत्या. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या आणि झोपडीत जमिनीवर बसल्या. कायद्यातच आहे तसं, मुलाचा जबाब घेताना वर्दी नको, मूल म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो बाई अधिकारीच हवी. मुलगी आमच्यासारखं मराठी बोलत नव्हती, घाबरली की तर नाहीच. मॅडमनी आश्रमशाळेतली मोठी मुलगी शोधून आणली, तिची बोली समजणारी. त्या मुलीला शेजारी बघून ही पहिल्यांदा बोलली. वाडीत एरवी पोलीस येतात ते कुणाला तरी उचलायला. इंग्रजांनी या लोकांना गुन्हेगार जमात ठरवलं होतं, आणि अजून तालुक्यात कुठे चोरी झाली की जीप आधी वाडीकडे वळते. त्या वाडीत एक पोलीस बाई मांडी घालून बसली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग आईबाप भट्टीवरून आले. मुकादम आरोपीच्या नात्यातला. उचल अंगावर, जागा आरोपीच्या घरची, आणि पाऊस तोंडावर. कोर्टात बाप म्हणाला, आमचा गैरसमज झाला. फितूर. गावात लगेच सुरू झालं, बघा, अॅट्रॉसिटीच्या पैशासाठी केस केली होती. अरे, पैशासाठी केली असती तर मागे कशाला घेतली असती? एवढा साधा हिशोब कुणी केला नाही. बापावर मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता नाही येत. चार लेकरं आणि प्लॅस्टिकचं छप्पर घेऊन जूनमध्ये कुठे गेला असता तो?

हे लिहिता लिहिता एक फोन येऊन गेला. पोस्ट टाकू नकोस, भाऊंचं तुमच्याकडे येणं-जाणं आहे, मिस्टरांच्या कामावर परिणाम होईल. सल्ला प्रेमाने दिलाय हो, धमकी नाही, असंही सांगून झालं. आता तर टाकणारच.

आणि फोन करणाऱ्या आमच्या स्नेह्यांना सांगते. पॉक्सोमध्ये माहीत असून कळवलं नाही तर कळवणाराही गुन्हेगार ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चुकून लिहिलं, न कळवणारा. राहू दे, दोन्ही खरंच आहे आपल्याकडे. कळवणाऱ्यालाच गाव गुन्हेगार ठरवतं.

काही घरांनी वाडीवरच्या मुली खरोखर शिकवल्या, हेही लिहिते. एक माझ्या माहितीतली नर्सिंगला आहे. पण त्या घराने तिचं वय नव्हतं वाढवलं, शाळेत नाव घातलं होतं, आणि दर सुट्टीत तिला आईकडे पोचवत होते. एवढं करणार असाल तर या, फॉर्म मी फुकट भरून देते.

आजीकडची ती मुलगी आता मोठी झाली. लांब असते. मध्यंतरी जातीच्या दाखल्याचे कागद घेऊन दुकानात आली होती. आम्ही त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोललो नाही. तिने दाखल्याला किती दिवस लागतील विचारलं, मी सांगितलं. चहा प्यायली. जाताना म्हणाली, "धाकटीची जन्मनोंद केलीय, पंचायतीत जाऊन मीच केली."

हे टाईप करताना मला मधेच थांबावं लागलं.

असो. कामाचं बोलते. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. आपल्याकडे ती कागदावर आहे. सदस्य कोण, हे मी आज दुपारपासून विचारतेय. एका सदस्याला आपण सदस्य आहोत हे माझ्याकडून कळलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली, त्याचं इतिवृत्त दाखवा. वाडीवरच्या किती मुलांची जन्मनोंद झालेली नाही, त्याची यादी करा. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलं मागे कुणाकडे आहेत, ते अंगणवाडीच्या वहीत लिहा. आणि समितीत वाडीवरची निदान एक बाई घ्या, जिला खुर्चीवर बसवाल, दाराशी नाही.

अर्ज टाईप करून दुकानात ठेवलाय. मला सह्या पाहिजेत, लाईक नकोत. दुकान साडेनऊ ते सात, दुपारी दीड ते तीन बंद. रविवारी अर्धा दिवस.