खाटेभोवती गर्दी, तरी बोलायला कोणी नाही

रुग्णालयात देव असावा की नसावा, हा आपल्याकडचा वाद आवारातल्या गणपतीच्या देवळापाशी सुरू होतो आणि तिथेच अडकतो. एक बाजू म्हणते, विज्ञानाच्या जागी पूजाअर्चा कशाला? दुसरी म्हणते, हात जोडल्याने कुणाचं काय बिघडतं? इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात काम करताना मला जाणवतं की या भांडणात खाटेवरचा माणूस राहूनच जातो.

इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात चॅप्लेन असतो, म्हणजे रुग्णांना मानसिक, आध्यात्मिक आधार देणारा माणूस. १९४८ साली ही आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासूनची ही पद्धत. पूर्वी तो बहुतेक चर्चचा पाद्रीच असे. आता मोठ्या शहरांत जोडीला मुस्लिम, हिंदू, शीख, ज्यू सहकारी असतात, कोणताच धर्म न मानणारे मानवतावादीही असतात. पगार रुग्णालय देतं. धर्मप्रसार करायचा नाही, ही अट पक्की, आणि रुग्ण 'नको' म्हणाला की परत फिरायचं. मुस्लिम किंवा ज्यू रुग्ण रात्री गेला, तर दफनाला उशीर होऊ नये म्हणून कागदपत्रांची धावपळही हे लोक करतात. पण बरंचसं काम खुर्ची ओढून बसण्याचं आणि ऐकण्याचं.

"आपल्याकडे नातेवाईक असतात, पगारी परका कशाला?" असं मित्र विचारतात. त्यांचं खरं आहे. इथे कितीतरी म्हातारी माणसं भेटीच्या वेळी दाराकडे डोळे लावून पडलेली असतात, आपल्याकडे मुलगा व्हरांड्यात चटई टाकून झोपतो. पण त्याच मुलाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, "बाबांना कॅन्सरचं कळू देऊ नका." बाबांना ते केव्हाच कळलेलं असतं आणि मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प राहतात. मरणाची भीती, भावाशी तुटलेलं बोलणं, राहून गेलेली वारी, हे त्यांनी कुणाजवळ काढायचं?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जीवनेच्छापत्राचा, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना केवळ आयुष्य लांबवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवण्याचा, हक्क मान्य केला, २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. त्याविषयी रुग्णाशी निवांत बोलणारं माणूस मात्र वॉर्डात नाही. समाजसेवा अधीक्षकांचा दिवस योजनांच्या कागदांत आणि मदतनिधीच्या अर्जांत संपतो.

धर्मनिरपेक्ष राज्याने यासाठी पगार द्यावा का? ब्रिटनमध्येही धर्म आणि राज्य वेगळे ठेवा म्हणणाऱ्या नॅशनल सेक्युलर सोसायटीचा यालाच आक्षेप आहे, आणि तो मी गांभीर्याने घेते. पण भारतीय सैन्य पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांना रीतसर धर्मगुरू म्हणून नेमतं आणि पगारही देतं. जवानाला जो आधार मिळतो तो जिल्हा रुग्णालयातल्या शेतमजुराला का मिळू नये?

भीती बुवाबाजीची आहे, आणि ती रास्त आहे. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगीच नाही. म्हणूनच हे काम कुणा महाराजांच्या संस्थेकडे न देता प्रशिक्षित, पगारी, रुग्णालयाला जबाबदार असलेल्या माणसांकडे द्यावं. सुरुवात कर्करोग आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, वॉर्डांपासून करावी. रुग्णाला हरिपाठ ऐकायचा असेल तर तो ऐकवावा, नमाजासाठी दिशा हवी असेल तर ती दाखवावी, आणि देवाचं नावही नको असेल तर तितकाच वेळ त्याच्याजवळही बसावं.