बर्फ खायच्या सोड्याचाच करा

घरच्या घरी बर्फातल्या खेळांची मजा घेण्यावरच्या लेखात खेळायला शेव्हिंग फोम-कॉर्नफ्लोरचा खोटा बर्फ सुचवलाय, पण तो मुंबईच्या दमट हवेत चिकचिकतो. त्यापेक्षा ३ वाट्या खायचा सोडा आणि साधारण अर्धी वाटी पांढरा हेअर कंडिशनर घ्या. कंडिशनर एकदम ओतू नका, चमचा-चमचा घालत चोळा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला, तरी बोटांनी भुगा होतोय, तिथे थांबा. कणकेसारखं झालं तर सोडा वाढवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात तासभर फ्रिजमध्ये. लहान मुलांना तोंडात घालू देऊ नका, सोड्यात सोडियम भरपूर असतं. डायपरमधल्या जेलचा बर्फ दिसतो झकास, पण चुकूनही मोरीत टाकू नका; फुगून पाइप तुंबेल. आणि मोजे घालून लादीवर ‘स्कीइंग’? नकोच. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात, ३० सेकंद खुर्चीशिवाय अधांतरी बसा. मांड्या स्कीइंगसारख्याच भरून येतात.