फॅन फिरला म्हणून स्विच चांगला ठरत नाही

"अगं, वायरी जोडल्या आणि फॅन लगेच फिरला. म्हणजे स्विच चांगला आहे, पाण्याचा पंपच गेलाय." शनिवारी भांडुपहून मामांचा फोन आला. त्यांना हे शिकवलं होतं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या 'गाडी गरम होते? घरीच दुरुस्त करा' या मेसेजने. त्यातले सल्ले असे: रेडिएटर थंड करणाऱ्या फॅनच्या स्विचच्या वायरी जोडून बघा, फॅन फिरला तर स्विच चांगला. बदलायचा झालाच तर दोन पिनचा कुठलाही चालतो. नाहीतर फॅन डायरेक्ट करा, म्हणजे स्विच वगळून सतत चालू ठेवा, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाका. आणि काटा लालवर गेला की रेडिएटरचं झाकण उघडून थंड पाणी ओता.

शेवटच्या सल्ल्यानेच माझं डोकं फिरलं. आदल्या रविवारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये मामांनी खरोखर फडकं घेऊन झाकणाला हात घातला होता. मामीने तो मागे ओढला म्हणून वाचले. झाकणावर 0.9 आकडा असेल, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त चढेपर्यंत ते धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर आणि हातावर येते. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा: इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. वर कोरड्या पडलेल्या तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. दुसरं काही करू नका.

आता स्विच. ठरावीक तापमानाला आतला संपर्क जोडून फॅन चालू करणं, एवढंच त्याचं काम. त्याचा प्लग काढून तुम्ही वायरी जोडता, तेव्हा स्विचला तुम्ही वगळलेलं असतं. मग फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, रिले आणि वायरिंग ठीक आहे, एवढंच कळतं. गाडी गरम होऊनही फॅन लागत नसेल, तर संशय उलट स्विचवरच पक्का होतो. मेसेजने नेमकं उलटं सांगितलंय, आणि त्यापायी मामा नवा पंप घालायला निघाले होते.

गाडी थंड असताना स्विच काढायला लावला. त्याच्या षटकोनी डोक्यावर 92-87 कोरलेलं होतं: 92 अंशांना चालू, 87 ला बंद. पातेल्यात पाणी ठेवलं, स्विच दोऱ्याने असा टांगला की टोक पाण्यात, पिना वर आणि तळाला कुठे टेकलेला नाही. दोन पिनांना मल्टिमीटर लावला (आतला संपर्क जुळला की तो पीप करतो), पाण्यात थर्मामीटर. पाणी खळखळून उकळलं तरी मीटरची पीप आलीच नाही. नवा स्विच मात्र 92 च्या जवळ वाजला, आणि गॅस बंद केल्यावर 87 च्या आसपास गप्प झाला. संध्याकाळी तोच बसवला.

म्हणूनच 'कुठलाही चालतो' हेही खोटं. आकडा आणि आटे दोन्ही जुळायला हवेत. जास्त तापमानाचा बसवलात तर फॅन उशिरा लागणार. तीन पिनांचा असेल तर तो बहुधा दोन स्पीडच्या फॅनचा असतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत हा स्विच नसतोच, सेन्सर असतो. त्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो आणि फॅनचा हुकूम कॉम्प्युटर देतो. तिथे वायरी जोडत बसू नका.

फॅन डायरेक्ट करण्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. जुन्या पद्मिनी गाडीचा फॅन पट्ट्यावर इंजिनाबरोबर फिरायचाच, आणि रस्त्यात अडकलात तर डायरेक्ट करून घरी पोहोचता येतं. पण कायमचं तसंच ठेवलंत तर मोटर लवकर झिजते. थर्मोस्टॅट काढलात तर इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. मुंबईत थंडी नाही, हे त्याचं उत्तर नव्हे.

तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल, तर ज्यांनी टाकलाय त्यांना निदान झाकणाची ओळ आजच काढायला सांगा.