खिडकीसमोरचं झाड आणि बुंध्याला टेकवलेलं काँक्रीट

परवा रात्री आमच्या खिडकीसमोरचं झाड पडलं. वारा होता पण वादळ म्हणावं असा नव्हता. सकाळी खाली गेले तर ते रस्त्यावर आडवं, दोन गाड्या चेपलेल्या, नशीब की खाली माणूस कोणी नव्हता, आणि जमलेल्या लोकांचं एकच चाललेलं की जुनी झाडं असतातच धोकादायक, बाकीची पण आत्ताच काढून टाकायला हवीत. मला ते ऐकवेना. म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी झालीय, पण वाचा.

मी त्या झाडाच्या बुडाशी जाऊन बघितलं. रस्त्याच्या बाजूची जाड मुळं एका सरळ रेषेत कापलेली होती आणि टोकं काळी पडून कुजली होती. चार वर्षांपूर्वी तिथे केबल टाकायला मशीनने चर खोदला होता, बुंध्यापासून जेमतेम हातभर लांब. मग फूटपाथ नवा झाला तेव्हा पेव्हर ब्लॉक पार खोडाला टेकवून बसवले, उरलेल्या फटीत काँक्रीट ओतलं. तेव्हा मी रोज तिथून जात होते आणि मला काहीही कळलं नव्हतं, झाड हिरवंगार दिसत होतं ना.

तीच तर गोष्ट आहे. मुळं तुटली तरी झाड साठवलेल्या अन्नावर दोन-चार वर्षं सहज काढू शकतं. आधी शेंडे वाळतात, पानं लहान यायला लागतात, विरळ होतात, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या दिसतात, आणि तोपर्यंत चर कोणी खोदला होता हे कोणाच्याच लक्षात नसतं. मग पडल्यावर दोष झाडाचा. आधाराची मुळं एका बाजूने कापली होती तर ते उभं कशावर राहणार होतं?

आपल्या डोक्यात चित्र असं असतं की जेवढं झाड वर तेवढंच खाली, म्हणजे मुळं खोल खोल गेलेली. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर. कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि ती वरच्या भुसभुशीत मातीत मिळते. त्यावर रोलर फिरवला, काँक्रीट ओतलं, बांधकामाची खडी महिनोन्महिने टाकून ठेवली की माती दाबली जाते, हवा संपते, पाणी आत जात नाही. झाडाला कुऱ्हाड न लावता मारायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे आणि आपण तो रोज वापरतोय.

छाटणीचंही तसंच. अलेक्स शिगो म्हणून अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून बघितली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड त्या कुजलेल्या भागाभोवती भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून वाढवतं. जखम आत कायमची राहते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या बाहेरून कापलं तर झाडाला भिंत घालता येते, खोडाला सपाट घासून कापलं तर ते कडंच जातं आणि कूज सरळ खोडात शिरते. आणि शेंडा उडवून झाड अर्धं करायची जी पद्धत आहे ना, ती तर सुरक्षेच्या नावाखालीच करतात. होतं काय, कापलेल्या टोकांवर भराभर फुटवे येतात, ते नुसते सालीला चिकटल्यासारखे असतात, आत पक्के रुतलेले नसतात, काही वर्षांत जाड होतात आणि तेच आधी मोडून पडतात.

आता लोक म्हणतात, जाऊ दे गं, एकाच्या बदल्यात दहा लावू. दहा रोपं म्हणजे एक मोठं झाड नव्हे हो! २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये ४०३ जातींच्या झाडांवरचा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की बहुतेक जातींमध्ये झाड जितकं मोठं तितकं ते वर्षाला जास्त लाकूड, म्हणजे जास्त कार्बन साठवतं. म्हातारं झालं की थांबतं हा समजच चुकीचा निघाला. आणि सावली? ती तर पानांच्या पसाऱ्यावर अवलंबून, शिवाय पानांतून पाणी हवेत जातं त्यानेही आजूबाजूची उष्णता कमी होते. खांद्याएवढं रोप कोणाला सावली देणार, आणि त्यातली किती रोपं पहिले दोन-तीन उन्हाळे पाण्याशिवाय काढणार? लावायच्या दिवशी फोटो निघतो, पाणी घालायला तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, त्याचे पैसेच कुठे धरलेले नसतात.

मोठी झाडं गेल्यावर माणसांचं काय होतं याचा एक अभ्यास वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास २००२ मध्ये ॲश झाडांना पोखरणारी एक हिरवी कीड सापडली आणि मग कोट्यवधी झाडं मेली. जेफ्री डोनोवन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ राज्यांची आकडेवारी तपासली, तर कीड पोचलेल्या भागांत हृदयविकाराचे सुमारे १५,००० आणि श्वसनाच्या आजारांचे सुमारे ६,००० जास्तीचे मृत्यू दिसले. यावरून झाडं गेल्यानेच माणसं गेली असं ठाम म्हणता येत नाही, पण उत्पन्न, शिक्षण वगैरे धरूनही तो संबंध उरला. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचे रुग्ण बघितले होते, खिडकीतून झाडं दिसणारे भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली.

त्या किडीचा अजून एक धडा आहे. शहरांत रस्तेच्या रस्ते ॲशचेच लावले होते म्हणून तिथे एवढं नुकसान झालं. त्याच्या आधी एल्मच्या झाडांचं रोगाने हेच झालं होतं, आणि गंमत नाही, दुःख आहे, की एल्म गेल्यावर कित्येक ठिकाणी त्याच जागी ॲश लावली होती. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सॅंटामोर यांनी १९९० मध्ये साधा हिशोब मांडला होता, की शहरात एका जातीची १० टक्क्यांपेक्षा, एका प्रजातीगटाची (म्हणजे जवळच्या जाती मिळून) २० टक्क्यांपेक्षा आणि एका कुळाची ३० टक्क्यांपेक्षा जास्त झाडं नकोत.

मी सगळी झाडं वाचवाच असं म्हणत नाहीये. काही झाडं खरंच काढावी लागतात. पण ते जाणकार माणसाने बुंधा, मुळं, ढोली तपासून ठरवावं, नुसती ढोली दिसली म्हणून किंवा ठेका सोपा जातो म्हणून नव्हे. इंग्लंडमध्ये शेफील्डला २०१२ मध्ये रस्ते दुरुस्तीचा मोठा ठेका दिला होता, त्यात १७,५०० झाडं बदलायचं ठरलं, धडधाकट झाडंही फूटपाथ उचलतात म्हणून पाडली, लोक झाडाखाली उभे राहिले तर त्यांना अटक झाली. २०२३ च्या चौकशी अहवालात नगरपालिकेवर कडक ताशेरे आले. तोवर हजारो झाडं गेली होती. आणि फूटपाथला दुसरा उपाय नव्हता असंही नाही, स्टॉकहोममध्ये फूटपाथखाली मोठे दगड आणि त्यांच्या फटीत माती, कोळसा भरून मुळांना जागा देतात, वरून माणसं चालतात, खाली मुळं श्वास घेतात.

आमच्या रस्त्यावर त्याच रांगेतली अजून सहा झाडं उभी आहेत. सहाही बुंध्यांना काँक्रीट टेकलेलं आहे, चर त्याच बाजूने गेलाय. मी अर्ज दिलाय, की आधी तपासणी करा, ज्यांचा आधार खरंच गेलाय तीच काढा, आणि बाकीच्यांच्या भोवतीचं काँक्रीट हाताने, मशीनने नाही, फोडून आळं मोकळं करा. बिल्डिंगमधल्या अकरा जणांनी सह्या केल्यात. ज्यांची गाडी चेपली त्यातल्या एकांनीही केलीय, चर दाखवल्यावर ते बराच वेळ तिथेच उभे होते.