रक्तात असतं म्हणे!

काल संध्याकाळी कन्ना चौकातल्या कट्ट्यावर अण्णा आले ते मोबाईल पुढं धरूनच. "बघा बे, कुष्ठरोग जनुकांमुळं होतो म्हणून आलंय. मी म्हणत होतो की नाही, रक्तातच असतं!" पुतण्याला सांगून आलेलं स्थळ त्यांना मोडायचंय, हे सगळ्यांना ठाऊक. मुलीच्या आजोबांना कधीकाळी हा रोग झाला होता.

बसू लॅबमध्ये कामाला. "अण्णा, खालपर्यंत वाचा की. रोग जंतूमुळं होतो, नॉर्वेच्या हान्सेन डॉक्टरनं तो १८७३ सालीच शोधला. जनुकं ठरवतात ती आपल्या पहाऱ्याची गोष्ट. एचएलए नावाची जनुकं जंतूचा तुकडा पांढऱ्या पेशींपुढं धरायची सोय करतात, हा बघा चोर. नॉड-टू नावाचं दुसरं जनुक त्याला कवचावरून ओळखायची सोय करतं. पहारा कडक, तर एखाद-दुसरा चट्टा. ढिला, तर अंगभर पसरतो. आणि शंभरातल्या पंचाण्णवांना तर मुळात काहीच होत नाही."

"पण घराण्यात चालतोच की!"

"आपल्याच देशातल्या जुळ्यांची पाहणी १९७३ साली छापून आली. हुबेहूब जुळ्यांच्या ६२ जोड्या, त्यातल्या ३७ जोड्यांत दोघांनाही रोग. जनुकांचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण उरलेल्या २५ जोड्यांत रक्त तेच, आई तीच, आणि एक जण ठणठणीत. त्याचं काय?"

"आमचे आजोबा म्हणायचे..."

"तुमचे आजोबा ग्रहण लागलं की हंडाभर पाणी ओतून द्यायचे, अण्णा."

तेवढ्यात श्रीनूनं बाही वर सारली. कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग. "इथं चहाचं गरम भांडं टेकलं तरी कळायचं नाही. सहा महिने गोळ्यांची पाकिटं खाल्ली, बरा झालो. बारा वर्षं झाली. धाकटा भाऊ माझ्याच चादरीत झोपायचा, त्याला काही नाही. आणि अण्णा, दिवाळीला तुम्ही माझ्याच घरी जेवलात."

कुणी काही बोललं नाही. मे महिन्याच्या सोलापुरात हा माणूस पूर्ण बाहीचा शर्ट घालून माग चालवतो आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याला 'साहेब' म्हणून चिडवत आलो. मला फार लागलं ते.

"घटस्फोटासाठी हे कारण चालायचं, तेसुद्धा २०१९ मध्ये कायद्यातून काढलं," बसू म्हणाला. "तुम्ही तर लग्नाआधीच मोडायला निघालात."

"मोडतोय कुठं बे? नुसतं विचारत होतो."

"मग तुमच्या घरातली तीन पिढ्यांची शुगर पण सांगा मुलीकडच्यांना. तिच्यातही जनुकं असतात."

नेमका तेव्हाच टपरीवरून आवाज आला, "अण्णा, तिसरा पण गोडच ना?"

झालं! श्रीनू तशाच उघड्या हातानं मांडी थोपटत हसायला लागला. बसूनं गड्ड्याच्या जत्रेतली जुनी उधारी काढली. त्याच्या पैशानं अण्णांनी चोरून खाल्लेली पाव किलो जिलेबी.

"पाव किलो नव्हती बे," अण्णा ओरडले, "दीडशे ग्रॅम होती!"