'रोजचा प्रवासी' यांना, जरा सविस्तर

मागच्या आठवड्यात इथं मी स्टेशनच्या भिंतींबद्दल लिहिलं होतं. बेळगावचं १९० कोटींचं नवं स्टेशन फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं, तशी आता लहान स्टेशनांचीही रंगरंगोटी निघेल; तेव्हा त्या भिंतींवर आपल्याच भागातल्या हातांचं काम यावं, एवढंच माझं म्हणणं. त्यावर 'रोजचा प्रवासी' या नावानं आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

"मॅडम, चित्रं बघून तहान भागत नाही. आमच्या स्टेशनवर नळ कोरडा, शेड अर्ध्याच फलाटाला, बायकांच्या संडासाला कुलूप, मराठी फलकाचं तर नावच नको. तुमच्यासारखी माणसं स्टेशनवर फोटो काढायला येतात, हातात विकतच्या पाण्याची बाटली घेऊन. आणि मधुबनीचं साल चुकलंय."

साल चुकलं, मान्य. बिहारच्या मधुबनी स्टेशनच्या भिंती चित्रांनी रंगवल्या, त्याचं साल मी २०१६ लिहिलं होतं, ते २०१७ पाहिजे. दुरुस्त केलंय, आभारी आहे. चूक दाखवली की मी कबूल करते, पंचवीस वर्षं शाळेत मुलांना तेच शिकवलं.

आता ते 'फोटो काढायला येतात'. हे वाक्य मी तीनदा वाचलं. दादा, माझे बाबा गँगमन होते. लोंढा ते मिरज हा मार्ग तेव्हा मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा, आणि आमचं घर म्हणजे रुळांपासून हाकेच्या अंतरावरची क्वार्टर्सची एक खोली. पावसाळ्यात बाबा कंदील घेऊन रात्रीची गस्त घालायचे. वाफेचं इंजिन थांबलं आणि ड्रायव्हर ओळखीचा असला, तर आई बादलीभर गरम पाणी मागून आणायची, त्यात आमची डोकी धुतली जायची. पाण्याचं मला सांगताय?

पुढं कॉलेजला बेळगावला मी पॅसेंजरनंच गेले. पास काढून. सकाळी डब्यात खानापूरकडच्या भाजीवाल्या, दुधाचे कॅन, लोण्याचे डबे. बसायला जागा नसायची, "सरक की गं पोरी" म्हणत कुणीतरी मांडीवर टोपली ठेवून द्यायचं. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले तेव्हा मी नोकरीला लागले होते, तरी गाडी सुटली नाही. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा हार-नारळ घेऊन पॅसेंजरनंच घरी आले. तुमचा पास किती वर्षांचा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नाव लिहायलाही धीर झाला नाही, म्हणून विचारतेय.

आणि ते 'मॅडम'. गावात मला बाई म्हणतात. मॅडम हा शब्द वाईट नाही, पण तुम्ही तो चिमट्यासारखा वापरलाय हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. हेच "बाई, आधी पाण्याचं बघा की" असं लिहिलं असतंत तर मी होय म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

राहिली चित्रं. तुम्हाला चित्र म्हटलं की मोर आणि सूर्योदय दिसत असावा. मी काय लिहिलं होतं ते परत वाचा. खानापूरला कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, तिथल्या मातीच्या कौलांनी या भागातली कितीतरी घरं झाकलीत. मग खानापूरच्या भिंतीला प्लास्टिकचा बोर्ड कशाला? भाजलेल्या मातीच्या फरश्या बसवा की. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकरांच्या साडीचा काठ आहे, गोकाकची रंगवलेली लाकडी फळं आहेत. अथणी-मदभावीचा चपलेचा धंदा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. नाव कोल्हापूरचं, पण शिवणारे हात आपल्याकडचेही. हे त्या गाडीनं जाणाऱ्या पोरांना कुठं दिसणार? मधुबनीत तिथल्याच कलाकारांनी सात हजार चौरस फुटांहून जास्त भिंती रंगवल्या, त्याही मोबदला न घेता. आपल्या कारागिरांनी मात्र फुकट राबू नये असं माझं मत आहे, मजुरी रोख मिळाली पाहिजे. तेही मी लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसणार.

नळ येईपर्यंत भिंत कोरीच ठेवायची, असं कुणी ठरवलंय? आमच्या आईच्या घरात पाणी बाहेरून आणावं लागायचं, पण दारातली रांगोळी एक दिवस चुकली नाही. त्या बाईला कुणी येऊन म्हटलं नाही, की आधी नळ घे आणि मग ठिपके काढ.

शेडचं आणि संडासाच्या कुलपाचं म्हणाल तर ते स्टेशन मास्तरांच्या तक्रारवहीत लिहायचं काम आहे, माझ्या लेखाचं नाही. मराठी फलकाबद्दल मी इथं दोनदा लिहिलंय, शोधलंत तर सापडेल. पाटीवरची देवनागरी हिंदीसाठी असते, आपण ती मराठी समजून वाचतो, हे सीमाभागात जन्मलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

हां, आणि ती बाटली. फोटोत माझ्या हातात दिसते ती विकतची नव्हे. स्टीलची आहे, नीट बघा, बुडाला पोचा आलाय. नोकरीला लागले त्या वर्षी घेतली आणि तेव्हापासून रोज घरून भरून नेते. आमच्या स्टेशनवरच्या नळाला पाणी असेल या भरवशावर मी एकही दिवस घराबाहेर पडलेले नाही.